चौथ्या मुलीचा क्रमांकही मोजा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री आणि मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : हायस्कूलच्या मुलींचे क्रॉसकंट्री संघ

महोदय,



माझं गाव माण तालुक्यातलं. पतीच्या बँकेतल्या नोकरीमुळे तमिळनाडूत आले आणि कुंभकोणमजवळच्या तिरुवलंचुळीत स्थायिक झाले. इथल्या हायस्कूलच्या मुलींचा क्रॉसकंट्रीचा संघ मी सांभाळते. तंजावरच्या या मुलखाशी आपलं नातं जुनंच आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात इथे गादी बसवली, ती १८५५ पर्यंत चालली, आणि आजही कुंभकोणमात जुन्या वळणाची मराठी बोलणारी घरं सापडतात. त्यामुळे इथे राहूनही महाराष्ट्र परका होत नाही. सुट्टीत गावी आले की तिथल्या शाळांत जाते, धावणाऱ्या मुली बघते, खेळाच्या सरांशी बोलते. प्रत्येक वेळी एकच गोष्ट जिव्हारी लागते : आठवीत जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी बारावीत मैदानावर दिसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. चौदाव्या वर्षी किती पदकं आली, यावरून आपण शाळेला आणि तिथल्या प्रशिक्षकाला जोखतो. त्याऐवजी अठराव्या वर्षी किती मुली अजून धावताहेत, यावरून जोखा. पुढच्या सगळ्या मागण्या या एकाच मागणीच्या पोटात आहेत.

तिरुवलंचुळीत ट्रॅक नाही. कालव्याच्या काठची मातीची वाट, मग नारळीच्या बागेतला एक तुकडा, पुढे भातखाचरांमधला जेमतेम एक पाऊल मावेल एवढा बांध, असा आमचा मार्ग. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत पळतो. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडायची जुनी रीत आहे. ते इथवर पोचलं की वाळू मिटली. ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, बांध निसरडे होतात आणि पोरी पोटरीपर्यंत चिखल घेऊन घरी जातात. डोंगर नाही, म्हणून चढाचा सराव पुलाच्या चढावर. क्रॉसकंट्रीला याहून वेगळं काही लागत नाही. आमच्या माणात तर माळरान आहे, टेकड्या आहेत, कोरडे ओढे आहेत. सिंथेटिक ट्रॅकला कोट्यवधी रुपये लागतात. इथे चुन्याची फक्की, चार झेंडे आणि वाटेवर नजर ठेवणारी माणसं एवढ्यावर भागतं.

पण हा खेळ स्वस्त आहे म्हणून मी त्याची वकिली करत नाही. त्याची गुण मोजायची पद्धत मला शाळेसाठी फार मोलाची वाटते. जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धेत एका देशाच्या सहा जणी धावतात आणि पहिल्या चौघींच्या क्रमांकांची बेरीज होते. ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो संघ जिंकतो. समजा एका शाळेच्या मुली पहिली, दुसरी, तिसावी आणि पंचेचाळिसावी आल्या. बेरीज झाली ७८. दुसऱ्या शाळेच्या अकरावी, चौदावी, सतरावी आणि विसावी आल्या. बेरीज झाली ६२. पहिल्या दहांत एकही मुलगी नसताना दुसरी शाळा जिंकली. म्हणजे एका हुशार पोरीवर सगळी मेहनत करून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडणारा प्रशिक्षक इथे हरतो. चौथ्या क्रमांकाची मुलगी सांभाळणारा जिंकतो.

आमच्या संघातली चौथी मुलगी नववीत आहे. अंगानं थोराड, सुरुवात नेहमी मागून करणारी. एकदा शर्यतीच्या अखेरीस, दोरीच्या गल्लीत शिरण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात, तिनं दोघींना मागं टाकलं. आधी पोचलेल्या आमच्या तिघी धापा टाकत दोरीला धरून उभ्या होत्या आणि घसा फाटेस्तोवर ‘ओडु, ओडु’ (पळ, पळ) ओरडत होत्या. आत आल्यावर तिच्या हातात क्रमांकाचा पुठ्ठा दिला गेला. तिनं तो वाचला नाही. आधी त्या तिघींचे पुठ्ठे मागितले आणि जमिनीवर बसून बोटांवर बेरीज करायला लागली. ज्या मुलीला वैयक्तिक शर्यतीत कुणी विचारलंही नसतं, तिच्या दोन पावलांवर त्या दिवशी सगळ्या शाळेचं लक्ष होतं. अशी मुलगी दुसऱ्या दिवशी सरावाला यायचं टाळत नाही.

आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, त्या राहायलाच हव्यात. पण त्यांचा सगळा भार प्रमाणपत्रावर. त्यामुळे शाळेचं आणि घरच्यांचं लक्ष लवकरात लवकर प्रमाणपत्र मिळवण्याकडे लागतं, आणि इथेच मुलींचं नुकसान होतं. साधारण तेरा ते सोळा या वयात मुलीचं शरीर बदलतं. उंची वाढते, वजन वाढतं, कमरेचा घेर वाढतो, पाळी सुरू होते. या काळात धावण्याची वेळ सुधारायची थांबते, कधी चक्क मागं जाते. हे निसर्गक्रमानं होतं. शरीर स्थिरावलं की वेग पुन्हा वाढतो. मात्र मधली वर्षं सोसायला धीर लागतो. ज्याला यंदाच पदक दाखवायचं आहे, त्याच्याकडे तो धीर नसतो. मग ‘ही सुस्तावली’, ‘हिचं लक्ष उडालं’ असं बोललं जातं, चारचौघांत वजनकाट्यावर उभं केलं जातं, भात-भाकरी कमी करायला सांगितलं जातं.

आपल्याच मुलींची वयं बघा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक जिंकलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचं रौप्य. तेव्हा ती २५ वर्षांची होती. ग्वांगझूला तिच्या पुढे सुवर्ण जिंकणारी केरळची प्रीजा श्रीधरन २८ वर्षांची होती. आमच्या माणातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत पात्रता फेरीतून अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री १९८४ च्या पी. टी. उषानंतर तीच. त्या दिवशी ललिताचं वय २७. लांब पल्ल्याच्या धावण्यात स्त्रीचा बहर पंचविशीत आणि त्यानंतर येतो. आपण मात्र आठवी-नववीत निकाल लावून मोकळे होतो.

घाई केल्याचे परिणाम जगानं पाहिले आहेत. अमेरिकेची मेरी केन २०१३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, जागतिक स्पर्धेत १,५०० मीटरची अंतिम फेरी धावली. पुढे २०१९ मध्ये तिनं जाहीरपणे सांगितलं, की वजन घटवण्याच्या सततच्या दडपणाखाली तिची पाळी तीन वर्षं थांबली होती आणि पाच हाडं मोडली होती. खाणं कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेचं निदान आणि उपचार यांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. तरीही पाळी बंद झाली म्हणजे सराव जोरात चाललाय, असं समजणारे लोक आजही भेटतात. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर मुलीनं पळणं थांबवून डॉक्टरकडे जायला हवं, हे प्रत्येक खेळाच्या शिक्षकाला ठाऊक असलं पाहिजे.

आमच्या मुलींकडे प्रत्येकी एक वही आहे. त्यात रोज चार ओळी लिहायच्या : झोप किती, खाल्लं काय, कुठे दुखतंय, आजचं पळणं सोपं गेलं की जड. कोपऱ्यात एक छोटा ठिपका मुलगी स्वतः काढते, तो पाळीचा. मी त्यावर कधी बोलत नाही, फक्त बघते. ठिपके यायचे थांबले, की तिच्या आईला भेटते. आठवड्यातले दोनच दिवस जोराचा सराव असतो. बाकीच्या दिवशी शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगानं पळायचं. शाळकरी मुलीला दूर नेणारा सराव एवढाच साधा असतो.

आता रक्ताबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. अशी मुलगी दुसऱ्या किलोमीटरला गळते आणि आळशी ठरते. शाळेत आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते, पण ती पोटात जाते का, आणि कशाबरोबर जाते, हे कोण बघतं? इथे कुंभकोणमच्या घरोघरी फिल्टर कॉफी. गोळीवर कॉफी किंवा आपल्याकडचा चहा घेतला, की लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा घेतला तर लागतं. आम्ही सरावानंतर उकडलेले हरभरे, शेंगदाण्याची चिक्की आणि लिंबू पिळलेलं पाणी देतो. महाराष्ट्रात गूळ-शेंगदाणे, मटकीची उसळ आणि नाचणीची भाकरी आहेच. खर्च फार नाही. फक्त कुणीतरी रोज तिथे उभं राहायला हवं.

शाळेतल्या खाण्याच्या बाबतीत तमिळनाडू आपल्यापुढे आहे, आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. इथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचं जेवण दहावीपर्यंत मिळतं आणि त्यात अंडं असतं. महाराष्ट्रात शालेय पोषण आहार आठवीपर्यंत आहे. म्हणजे ज्या वर्षी मुलीच्या शरीराची भूक सर्वांत वाढते, पाळीतून रक्त जायला लागलेलं असतं आणि धावण्याचं अंतरही वाढतं, नेमक्या त्या वर्षी, नववीत, शाळेतलं तिचं ताट उचललं जातं. गावच्या शाळेत नववीच्या मुली सकाळी चहा-बिस्किटावर घरून निघालेल्या आणि चार वाजता सरावाला उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्याकडून वेग मागायचा आपल्याला काय अधिकार?

घरचा अडसर दोन्हीकडे आहे. इथे मुलगी वयात आली की मांडव घालून हळदीच्या पाण्यानं न्हाऊ घालायचा मोठा सोहळा होतो. पै-पाहुणे येतात, रस्त्यावर तिच्या फोटोचे फलक लागतात. त्यानंतर पुष्कळदा आईचा निरोप येतो, की आता पळणं पुरे झालं, अक्का. मी त्या घरी एकटी जात नाही. कॉलेजात शिकणारी आणि अजून धावणारी एखादी जुनी मुलगी बरोबर नेते. आईला माझ्या बोलण्यापेक्षा तिच्याकडे बघून जास्त समजतं. महाराष्ट्रात मुली ऊसतोडीला आई-बापांबरोबर जातात, आणि लग्नाची घाई तर आहेच. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. अठराव्या वर्षापर्यंत धावणारी मुलगी म्हणजे बहुधा अठराव्या वर्षापर्यंत शिकणारी आणि लग्न न झालेली मुलगी. म्हणूनही मी हे मोजमाप मागते आहे.

माणासारख्या भागात मुलीच्या धावण्याला घरून होकार मिळतो, तो पुष्कळदा पोलीस भरतीमुळे. वर्दीचं स्वप्न फार मोलाचं आहे. पण भरतीत महिलांना ८०० मीटर धावायचं असतं, म्हणून सातवी-आठवीपासून रोज तेवढंच अंतर जीव तोडून पळवलं जातं. त्यात नडग्या दुखावतात, उमेद संपते आणि भरतीचं वय येईपर्यंत मुलगी घरी बसलेली असते. दुसऱ्या टोकाला जत्रेतल्या आणि वाढदिवसांच्या ‘मॅरेथॉन’ शर्यती आहेत. पाच-दहा हजारांच्या बक्षिसासाठी बारा-तेरा वर्षांच्या मुली डांबरी रस्त्यावर वाटेल तेवढं अंतर पळतात. राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धेत १६ वर्षांखालच्या मुलींचं अंतर २ किलोमीटर आणि १८ खालच्या मुलींचं ४ किलोमीटर ठेवलं आहे. २०१७ पासून जागतिक स्पर्धेत प्रौढ स्त्रिया पुरुषांइतकंच, १० किलोमीटर धावतात. स्त्रियांना लांब अंतर झेपतं, याबद्दल आता वाद उरलेला नाही. प्रश्न फक्त कोणत्या वयात किती, याचा आहे आणि त्याचं उत्तर देणारा जाणता माणूस शाळेत हवा.

तो माणूस शाळेत आहे का? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असं म्हटलं आहे, आणि सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक हवा, असंही. कायदा २००९ चा आहे, तरी शारीरिक शिक्षणाच्या जागा रिकाम्या आहेत. एका चांगल्या शिक्षकानं काय होतं, ते बघायला आमच्या शेजारच्या केरळात जावं. पालक्काड जिल्ह्यातल्या मुंडूर गावच्या शाळेत एन. एस. सिजिन यांनी लांब पल्ल्याची मुलं-मुली घडवली. त्यांतली पी. यू. चित्रा २०१७ मध्ये भुवनेश्वरला आणि २०१९ मध्ये दोहाला १,५०० मीटरची आशियाई विजेती झाली. तिच्या घडणीची सुरुवात गावच्या शाळेच्या मैदानावर झाली. नाशिकला विजेंदर सिंग यांनी वर्षानुवर्षं एका जागी पाय रोवून काम केलं, म्हणून सावरपाड्याच्या मुलीला वाट सापडली. अशी माणसं प्रत्येक तालुक्यात तयार करता येतात. त्यांना पगार, प्रशिक्षण आणि मुख्य म्हणजे वेळ द्यावा लागतो.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आमच्या शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातली शांती सौंदरराजन. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिनं ८०० मीटरचं रौप्य जिंकलं. मग लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतलं गेलं आणि तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. पुढे तिच्यावर वीटभट्टीवर राबायची पाळी आली. ती खचून संपली नाही. प्रशिक्षक झाली, आज दुसऱ्यांच्या मुली घडवते, हे तिचं मोठेपण. पण पदक असताना सगळे आणि पदक गेल्यावर कुणीच नाही, ही गोष्ट कुठल्याही मुलीच्या वाट्याला येता कामा नये. मुलीचं शरीर, तिची पाळी, तिचं वजन, तिचे अहवाल हे तिच्या मालकीचे आहेत, ही शिकवण शाळेच्या मैदानापासून सुरू व्हायला हवी. आणि लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ पासून लागू असताना स्पर्धेला बाहेरगावी जाणाऱ्या मुलींबरोबर एकही स्त्री नाही, असं यापुढे एकदाही घडू नये.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. शालेय पोषण आहार दहावीपर्यंत वाढवा. सगळ्यांसाठी लगेच जमत नसेल, तर नववी-दहावीच्या मुलींपासून सुरुवात करा.

२. शारीरिक शिक्षणाच्या रिकाम्या जागा भरा. जिथे मुलींचा संघ आहे तिथे सरावाला आणि प्रवासाला एक स्त्री शिक्षिका किंवा मानधनावरची मदतनीस असलीच पाहिजे.

३. प्रत्येक तालुक्यात मुलींची क्रॉसकंट्री स्पर्धा संघाच्या गुणांवर घ्या. सहा जणी धावाव्यात, चौघींचे क्रमांक मोजावेत, आणि शर्यत पूर्ण करणाऱ्या शेवटच्या मुलीचंही नाव निकालात असावं.

४. धावणाऱ्या प्रत्येक मुलीचं हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासा. चारचौघांत वजन करणं बंद करा.

५. सोळा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी रस्त्यावरच्या बक्षिसाच्या शर्यतींना अंतराची मर्यादा घाला आणि आयोजकांवर ती बंधनकारक करा.

६. शाळेला आणि प्रशिक्षकाला गौरवताना एक आकडा जरूर मागा : आठवीत धावणाऱ्या मुलींपैकी बारावीत किती धावताहेत?

यांतली शेवटची मागणी फुकट आहे. तिला ना अंदाजपत्रक लागतं, ना निविदा. शाळेकडून दरवर्षी एक आकडा मागवायचा आणि तो जाहीर करायचा, बस. तो जाहीर झाला की मुख्याध्यापक विचारतील, प्रशिक्षक विचारतील, आई-वडीलही विचारतील, की आमच्या मुली कुठे गेल्या. आज हा प्रश्न कुणी विचारत नाही.

सावरपाडा आणि मोही या दोन लहानशा वस्त्यांनी महाराष्ट्राला कविता आणि ललिता दिल्या. त्यांच्या वर्गात त्यांच्याबरोबर धावणाऱ्या आणि मध्येच थांबलेल्या मुलींची नावं कुठल्याही सरकारी नोंदीत नाहीत. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आठवीत धावायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलीचं नाव लिहून घ्या, आणि चार वर्षांनी त्या सगळ्या नावांचा हिशेब मागा. आपण हे केलंत, तर महाराष्ट्राला पदकांची चिंता करावी लागणार नाही.

आपली नम्र,
तिरुवलंचुळी येथील एक मराठी धावप्रशिक्षक